जकार्ड

मासा आडवा पडला होता पाण्यावर,
घसरलेल्या उशीसारखा.
कल्ले मात्र चालू.
बरणीवर टिचकी मारली तर
एक डोळा माझ्याकडं फिरवला त्यानं,
दुसरा छताकडंच.

नाव जकार्ड. शिरीषानं ठेवलेलं,
गड्ड्याच्या यात्रेत घेतला तेव्हा,
शेपटीत चादरीची नक्षी दिसली म्हणून.
तेव्हा ती माझ्याशी बोलत होती.
फेब्रुवारीत माग बंद झाले,
मी पुण्याच्या कॉलेजला नको म्हणालो,
आणि घरात फक्त पंखा बोलायला लागला.

अशोक चौकाच्या पुढं इलियासचं दुकान,
काड्यापेटीएवढं; आत बुडबुड बुडबुड.
मोबाइलमधला फोटो बघून म्हणाला,
"पोटात हवेची पिशवी असती काका ह्येच्या.
पोट तट्ट झालं की ती दबती, तोल जातोय.
खायाला किती घालता?"
"दोन दाणे. सकाळी."
"हे पोट दोन दाण्यांचं न्हाई की वो."

तीन दिवस उपाशी ठेवा.
पाणी उथळ करा, श्वासाला वर यायला लांब पडू नये.
वाटाणा सोलून द्या म्हणतील लोक, देऊ नका,
हा किडे खाणारा गडी.
एप्सम मीठ आणा, मेडिकलमधनं. जेवणातलं नव्हे.
पाणी कोमट हवं.
एप्रिलात, सोलापुरात! मला हसू आलं.
नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवून मग वापरा.
म्हटलं, बाबा रे, आमच्या गल्लीत पाचव्या दिवशी नळ येतो,
ताजं पाणी मला तरी कुठं मिळतंय.

मीठ अंबूनं मोजलं.
हजार विड्या वळल्या तरी
तिची तंबाखूची चिमूट कमीजास्त होत नाही.
आधी तिनं हात धुतले, कोपरापर्यंत, साबणानं,
परत धुतले,
वास घेतला, परत धुतले.
मग ओले हात तसेच धरून उभी राहिली.
"दुपारी मी घालते त्याला," म्हणाली.
"पानं कापताना तोंड वर करून बघत बसतो.
दोनच दाणे."

आतल्या खोलीतून आवाज आला,
"मी रात्री."

दोन महिन्यांतले पहिले शब्द. तेही माशाबद्दल.

सहा दाणे रोज.
कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

उपाशी ठेवणं सोपं नाही.
बरणीजवळ गेलं की तो तिरका तिरका वर येतो,
पाण्याला तोंड लावतो, काही नसतं.
दुसऱ्या दिवशी मी खुर्चीच फिरवून बसलो.
अंबू विडीची सुपली घेऊन शेजारणीकडं गेली.
शिरीषा दर तासाला थर्मामीटर बघायची,
एकतीस झालं की बरणीभोवती ओला टॉवेल.
टॉवेल माझ्याच मागावरचा, कडेला धागा सुटलेला,
सेकंड म्हणून घरी आणलेला.

तिसऱ्या रात्री त्याला शी झाली.
लांब, पांढरट,
बॉबिनवरून सुटलेल्या सुतासारखी.
तिघं वाकून बघत होतो,
तान्ह्या पोराचं दुपटं बघावं तसे.
अंबू म्हणाली, "झालं बाई."
आणि शिरीषा हसली. माझ्याकडं बघून नाही,
पण मी तिथंच होतो.

आता पोहतो. पूर्ण सरळ नाही,
ताणा एका अंगानं सैल असला की
कापड जसं ओढलं जातं,
तसा डावीकडं जातो जरासा.
इलियास म्हणतो, राहील तसाच, जगेल.
कुणी किती जगेल ते त्यालाही माहीत नाही,
पण ठासून म्हणाला.

बरणीमागं कॅलेंडर लावलंय.
ज्यानं खायला घातलं त्यानं चौकटीत रेघ मारायची.
पुण्याचा विषय निघालेला नाही अजून.

आज सकाळी चौकट कोरी दिसली.
आतल्या खोलीकडं बघून विचारलं,
"घातलंस का गं?"

पंखा फिरत राहिला थोडा वेळ.

"नाही. तुम्ही घाला."
मग, डबी उघडल्याचा आवाज ऐकून,
"दोनच."